कापडी ऑर्गनायझर बॉक्स: पोरांच्या कपाटाला झकास, पैठणीला नको

ऑनलाइन मिळतात ना ते राखाडी रंगाचे, घडी होणारे नॉनवोव्हन कापडाचे बॉक्स, त्यांचा सेट घेतला होता आणि पावसाळा पूर्ण वापरून मगच लिहितेय, कारण आमच्या डोंबिवलीत असल्या वस्तूची खरी परीक्षा जुलै-ऑगस्टमध्येच होते.

धाकटीच्या कपाटात तर फारच उपयोग झाला. टीशर्ट, लेगिंग, फ्रॉक उभ्या घड्या करून कप्प्यांत लावले की वरून सगळं एका नजरेत दिसतं, खालचा एक ओढला आणि अख्खी चळत कोसळली हा प्रकार बंद. ती स्वतःच कपडे काढते आता. आणि मला सगळ्यात आवडलेलं म्हणजे कप्पा गच्च झाला की लगेच कळतं, बास, आता नवीन फ्रॉक आला तर एखादा आखूड झालेला निघालाच पाहिजे. मोजे-रुमालांचे जे बारीक बारीक खण येतात ते मात्र पोरांसाठी बिनकामाचे, त्यापेक्षा एक उघडा डबा बरा.

खेळण्यांसाठी झाकणवाले घेऊच नका. झाकण आलं की त्याच्यावर चार वस्तू येतात आणि खालचं खेळणं कायमचं विसरलं जातं. उघडे, बुटके बॉक्स घ्या, भातुकली एकात, ब्लॉक एकात, गाड्या एकात, आणि अजून वाचता येत नसेल तर बाहेरून चित्र चिकटवा, आवरताना मुलं बरोबर त्याच डब्यात टाकतात. जड सामान खालच्या खणात. आणि हे अगदी कळकळीने सांगतेय, रॅक भिंतीला स्क्रूने पक्कं करून घ्या, मुलं खालच्या खणावर पाय देऊन वर चढतात आणि मोकळं उभं असलेलं रॅक अंगावर येऊ शकतं.

आता तक्रार. वर्णनात वॉटरप्रूफ लिहिलंय, कापड पॉलिप्रॉपिलीनचं असतं ते पाणी पीत नाही हे खरंच आहे, पण आकार टिकावा म्हणून तळाला आणि बाजूंना आत घातलेला असतो साधा पुठ्ठा! आमचं कपाट बाहेरच्या भिंतीला लागून आहे, भिंतीला ओल आली आणि मागच्या दोन बॉक्सचा पुठ्ठा फुगला, तळाच्या शिवणीपाशी बुरशीचे हिरवट ठिपके, कपड्यांना कुबट वास. मग शिवण उसवून पुठ्ठा काढला, स्टेशनरीवाल्याकडून सनबोर्ड (प्लास्टिकच्या फोमचा हलका बोर्ड) त्याच मापाचा कापून आत सरकवला, त्यानंतर त्रास नाही. कंपनीने हे आधीच करायला काय हरकत होती? शिवाय बॉक्स भिंतीला टेकवू नका, मागे बोटभर जागा ठेवा.

सेटमधली साडी कव्हरं पुढून पारदर्शक प्लास्टिकची आहेत, दिसायला छान, पण रेशमी साडीला हवा लागते आणि दमट कोंडलेल्या जागेत साडीची जर (सोनेरी-रुपेरी तार) काळी पडते. पैठणी, नारायणपेठ वगैरे जुन्या मऊ सुती कापडात किंवा मलमलमध्येच गुंडाळा आणि अधूनमधून घडी बदला, नाहीतर घडीवरच साडी चिरते. डांबरगोळ्या साडीला चिकटून नकोत.

बाळाच्या कपड्यांत तर डांबरगोळ्या अजिबातच नकोत. पुढच्या बाळासाठी झबली-टोपडी-दुपटी जपून ठेवतो आपण, पण काही बाळांना जन्मतः जी६पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता असते आणि डांबरगोळ्यांतल्या नॅप्थलीनमुळे त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटून कावीळ वाढू शकते. माझ्या बहिणीला हे माहीतच नव्हतं. घरात पूर्वी कोणी घातल्या असतील तर ते कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्यावरच बाळाच्या अंगाला लावा. मी वेखंडाचे तुकडे कापडी पुरचुंडीत बांधून ठेवते, पण तेही पोरांच्या हाताला लागणार नाही असे.

आणि बायांनो, बॉक्स मागवायच्या आधी कपाट रिकामं करा, नंतर नाही. जुनं काढून बोहारणीला द्या, मऊ सुती साड्या गोधडीला काढा, उरलं त्याला किती बॉक्स लागतात ते मग मोजा, निम्मेच लागतील कदाचित. माप घेताना खणाची आतली खोली बघा आणि दाराच्या बिजागऱ्या जेवढ्या आत येतात तेवढं वजा करा, नाहीतर बॉक्स आत बसतो पण बाहेर ओढताना अडकतो.