फोनवरची डॉक्टरीण आणि सव्वानऊची लातूर-नांदेड

लातुरातल्या एका खाजगी दवाखान्यात फोनवर डॉक्टरांशी बोलायची सोय आहे. फी ३०० रुपये, आधीच भरायची. मी एसटीत कंडक्टर. दवाखान्यासाठी रजा मागायची म्हणजे आधी डेपोत दहा जणांना कारण सांगा, म्हणून म्हटलं हेच बरं.

वेळ विचारली तर काउंटरवरची पोरगी म्हणाली, "अकरा ते एकच्या मधी कधीबी फोन येईल." फोन उचलला नाही तर पैसे परत नाहीत, हे मेसेजमध्ये बारीक अक्षरांत.

सव्वानऊची लातूर-नांदेड घेऊन निघाले. अहमदपूर सोडलं, गाडी खचाखच, निम्मी तिकिटं काढायची राहिलेली आणि फोन वाजला.

दुखणं चार माणसांत सांगण्यासारखं नाही. स्टँडवरच्या बाथरूमची दशा सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं ड्युटीवर आम्ही बायका पाणीच कमी पितो. त्यातून लघवीला जळजळ सुरू झाली. एका कानात बोट घालून मी बोलत होते.

"जळजळ होते का?"

"हो."

"ताप? थंडी?"

"लोहा दोन हाफ द्या की मॅडम," मागून एक आजी.

"रंग कसाय?"

हळूच सांगितलं, तर "मोठ्यानं बोला, आवाज येत नाही." बोलले मोठ्यानं. समोरच्या सीटवरच्या माणसानं खिडकीबाहेर तोंड फिरवलं, भला माणूस. आजी मात्र, "काय झालं गं माय?" इकडं जीव तिकिटांत अडकलेला. चेकिंग चढलं आणि एक जरी विनातिकीट सापडला तर उत्तर मलाच द्यायचंय.

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिल्यांदाच दाखवताय, काही औषधं नुसत्या आवाजावर देता येत नाहीत, व्हिडिओ लावा. ही त्यांची मनमानी नाही, २०२० च्या टेलिमेडिसिनच्या नियमांतच तसं आहे. मग फी घेतानाच सांगा ना! भर गाडीत व्हिडिओ लावला, तर माळेगावच्या अलीकडं रेंज गेली. पुन्हा फोन आला तो एवढंच सांगायला : लघवी तपासा, रिपोर्ट घेऊन प्रत्यक्ष या. त्याची फी वेगळी.

सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांसाठी हीच सोय झकास चालली, हेही सांगते. त्या घरी पलंगावर बसलेल्या असतात, दोन तास वाट बघायला त्यांची ना नाही. नोकरीवरच्या माणसाला मात्र ठरलेली पंधरा मिनिटं द्या, नाहीतर संध्याकाळी सातनंतर फोन करा. पाचातले दोन स्टार, तेही सासूबाईंचे.

शेवटी सुट्टीच्या दिवशी रिपोर्ट घेऊन गेले. डॉक्टरीणबाई बोलायला चांगल्या आहेत. दार लावून घेतलं, मला बसवलं आणि पहिलंच विचारलं, "ड्युटीवर पाणी किती पिता?"