पॉलिशच्या आधी: कडक शॅम्पू की क्ले बार?

वास्कोत गाडी उघड्यावर ठेवली की बॉनेट खरखरीत होतंच. खारा वारा, तांबडी धूळ आणि त्याखाली गेल्या वर्षीचं वॅक्स. हे न काढता पॉलिश केलं तर तीच घाण पॅडखाली घासली जाते.

वॅक्स काढणारा कडक शॅम्पू सोपा आणि झटपट. पाणी मारल्यावर गोल थेंब न बनता ते सपाट पसरलं, की बरंचसं वॅक्स गेलं समजा. पण रंगात रुतलेले लोखंडाचे कण त्याला दाद देत नाहीत.

तिथे क्ले बारच हवा, म्हणजे रंगावरून फिरवून चिकटलेले कण उचलणारा मऊ, मातीसारखा गोळा. हाताला पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून धुतलेल्या बॉनेटवरून बोटं फिरवा, कण न् कण जाणवेल. भरपूर ल्युब्रिकंट (क्ले सरकावा म्हणून फवारायचं निसरडं द्रव) मारून क्ले हलक्या हाताने, सरळ रेषेत फिरवायचा. मळला की घडी घालून स्वच्छ बाजू काढायची. खाली पडला तर तो तुकडा सरळ टाकून द्या. चिकटलेली वाळू रंग खरवडते, तिथे काटकसर नको.

पॉलिश करणारच असाल तर मी आधी शॅम्पू, मग क्ले असंच सांगेन. क्लेचे बारीक ओरखडे पॉलिशमध्ये निघतात. काम मात्र सावलीत, पत्रा गार असताना.