झेड4 आत्ता घ्यायची, की नव्या 718साठी थांबायचं?

कोटीच्या आसपासची दोन आसनी गाडी घ्यायचीय, चालवायची पुण्यात. बीएमडब्ल्यूची झेड4 एम40आय आत्ताच उचलावी, की पोर्शची नवी 718 येईपर्यंत कळ काढावी?

झेड4ला लांबलचक बॉनेट, त्याखाली तीन लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं टर्बो पेट्रोल इंजिन, 340 अश्वशक्ती, ताकद मागच्या चाकांना. कापडी टप 10 सेकंदांत उघडतं, ताशी 50 किमीपर्यंत चालत्या गाडीतही. एप्रिल 2025मध्ये सहा गिअरची मॅन्युअल भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत 97.90 लाख होती. त्यानंतर जीएसटी बदललाय, त्यामुळे आजचा आकडा शोरूममधूनच घ्या. त्यावर रोड टॅक्स वेगळा: बाहेरून तयार येणाऱ्या गाडीला महाराष्ट्रात 20 टक्के. बजेट इथेच कोलमडतं. गाडी ऑस्ट्रियात, ग्राझला, टोयोटा सुप्राच्या जोडीने बनलेली. आणि 2026 हे तिचं शेवटचं साल. म्हणजे ‘पुढची झेड4 येऊ दे’ म्हणून थांबण्यात हशील नाही.

718चं प्रकरण निराळं. तिची दोन रूपं, बंद छताची केमन आणि उघड्या छताची बॉक्सस्टर. दोन्ही पेट्रोल गाड्या ऑक्टोबर 2025मध्ये बंद झाल्या. पुढची पिढी विजेची करायचा बेत, बॅटरी सीटच्या मागे, म्हणजे वजनाचा तोल मधल्या इंजिनासारखाच राहावा. वरच्या मॉडेलांना पेट्रोल इंजिनही देऊ, असं पोर्शने सप्टेंबर 2025मध्ये सांगितलं. पण ‘वरच्या’ या शब्दातच किंमत कळते. शिवाय वेळापत्रक आधीच पुढे सरकलंय.

आयातशुल्क उतरेल म्हणून थांबणाऱ्यांचा मुद्दा मात्र वजनदार आहे. जानेवारी 2026मध्ये युरोपीय संघाशी व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्या. 110 टक्क्यांपर्यंतचं शुल्क टप्प्याटप्प्याने, ठरावीक कोट्यापुरतं, 10 टक्क्यांवर आणायचं ठरलंय. गोम अशी की विजेच्या गाड्यांना पहिली पाच वर्षं ही सवलत नाही. विजेच्या 718साठी स्वस्ताईच्या आशेने थांबाल, तर थांबतच राहाल.

आता रस्ता. एक्स्प्रेस वेवर मर्यादा 100ची. ऑटोमॅटिक झेड4 तिथे साडेचार सेकंदांत पोचते, मग उरलेल्या ताकदीचं काय लोणचं घालायचं? खरी मजा ताम्हिणीत, पाऊस सरल्यावर, रविवारी पहाटे, टप उघडून, तिसऱ्या गिअरमध्ये. तिथे मला इंजिनाचा आवाज हवाच. उलट संध्याकाळच्या कर्वे रोडवर क्लच दाबून दाबून पाय भरून येतो, तिथे विजेची गाडी केव्हाही सरस. फक्त तुमच्या पार्किंगमध्ये चार्जर बसवण्यावरून सोसायटीच्या किती बैठका होतील, तेही धरा.

पहिलीच स्पोर्ट्स कार असेल आणि गिअर हाताने टाकायची हौस असेल, तर मी मॅन्युअल झेड4 घेईन, तीही लगेच. घरात एक पेट्रोलची आधीच असेल, तर खुशाल थांबा. थांबायचं म्हणून बुकिंग केलंत, तर फॉर्म नीट वाचा. बहुतेकदा किंमत डिलिव्हरीच्या दिवशीची लागते. झेड4 घेताना मेकिंगचा महिना आणि साल बघा. मागच्या सालची असेल तर घासाघीस कराच. आणि टेस्ट ड्राइव्हची गाडी आधी तुमच्या बेसमेंटच्या रॅम्पवरून उतरवून, पोट घासतंय का बघा. सेल्समन कुरकुर करेल, करू दे.