प्रोजेक्टर, स्पीकर आणि पहिली ते चौथी: जूनपासून वापरून काय वाटलं

बऱ्याच शिक्षकांनी विचारलं म्हणून सविस्तर लिहितेय. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातली सरकारी प्राथमिक शाळा, मराठी माध्यम, पट कमी, त्यामुळे एकाच खोलीत दोन वर्ग बसतात. जूनपासून वापरात काय काय आहे तर साधा एलईडी प्रोजेक्टर, जुना लॅपटॉप, वायरवाला स्पीकर आणि माझा मोबाईल. स्मार्ट बोर्ड नाही, आणि आता तो हवाच असंही वाटत नाही.

आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते. या सगळ्यात मुलांच्या शिकण्यात खरा फरक कशाने पडला असेल तर तो आवाजाने. चित्र दुसऱ्या नंबरवर. मला सुद्धा जूनमध्ये हे कोणी सांगितलं असतं तर पटलं नसतं, कारण आपण मल्टिमीडिया म्हटलं की पडद्यावर व्हिडिओ एवढंच डोक्यात आणतो.

तयार व्हिडिओंचं बघा. दीक्षा हे सरकारचं अभ्यासाचं ॲप 2017 पासून आहे, व्हिडिओ डाउनलोड करून ठेवता येतात, नेट नसलं तरी चालतात, ही मोठी सोय आहे आणि त्यात चांगलं साहित्यही पुष्कळ आहे. पण मराठी व्हिडिओ म्हणजे बहुतेक महाराष्ट्रातले, शेत दाखवलं की ज्वारी-बाजरी, आणि आमच्या पोरांनी बघितलंय ते कुळागर (सुपारी-नारळाची बाग), काजू, भात. त्यात घरी सगळे कोंकणी बोलणारे, पहिलीच्या पोराला व्हिडिओतली भरभर मराठी अर्धी कळते अर्धी सुटते आणि तो नुसता रंग बघत बसतो. वर्ग एकदम शांत होतो खरा, पण शांत बसलाय म्हणजे समजलंय असं नाही हो. म्हणून मी आता सलग व्हिडिओ लावतच नाही, अर्धा मिनिट लावायचा, थांबवायचा, "आता काय होणार?" विचारायचं, दोघा-तिघांना बोलू द्यायचं, मग पुढे. रिचर्ड मेयर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने यावर खूप काम केलंय, त्याचं म्हणणं हेच की सलग दाखवण्यापेक्षा तुकडे करून, शिकणाऱ्याच्या वेगाने दाखवलं तर जास्त समजतं. तो असंही सांगतो की चित्र चालू असताना बोलणं आणि तेच शब्द पडद्यावर, दोन्ही एकदम दिले की डोक्यावर भार येतो. परिसर अभ्यासाला हे अगदी तंतोतंत लागू पडतं, तिथे मी पडद्यावरची अक्षरं बंदच ठेवते.

पण वाचन शिकवताना मात्र उलटं! तिथे अक्षर हाच धडा असतो ना. अहमदाबादच्या आयआयएममध्ये हे काम सुरू करणारे ब्रिज कोठारी 1996 पासून सांगत आलेत की टीव्हीवरच्या गाण्याखाली त्याच भाषेत शब्द दाखवा, लोक गाता गाता वाचायला लागतात. ते मी चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, वेळी करून बघितलं. घुमटावरच्या (मातीच्या वाद्यावरच्या) आरत्या आमच्या प्रत्येक पोराला तोंडपाठ, अगदी पहिलीतल्याला सुद्धा, आणि त्या मराठीतच असतात. एका मुलीच्या आजोबांनी घरची आरती मोबाईलवर रेकॉर्ड करून दिली, मी तेच शब्द मोठ्या अक्षरात टाइप करून एकेक ओळ पडद्यावर टाकली, ऑडिओ लावला आणि एका मुलाच्या हातात काठी दिली, म्हणेल तो शब्द दाखवायचा. कान पुढे आणि काठी मागे असं सुरुवातीला व्हायचं. जोडाक्षर आलं की काठी अडायची, पण शब्द तोंडात आधीच असतो म्हणून पोर घाबरत नाही, शोधून काढतं. पुस्तकातल्या धड्यावर जो मुलगा मान वर करत नव्हता तो इथे काठी सोडायला तयार नव्हता. चवथीची सुट्टी संपून आल्यावर मुलांनीच विचारलं, टीचर परत लावणार ना?

त्यातूनच पुढे रेकॉर्डिंग सुरू झालं. मुलाने चार ओळी वाचायच्या, मी मोबाईलवर घ्यायच्या, लगेच त्यालाच ऐकवायच्या. मी एक शब्द बोलत नाही. स्वतःचा आवाज ऐकताना कुठे शब्द गाळला, कुठे पूर्णविरामाला थांबलो नाही हे त्यालाच कळतं, आणि "परत घ्या" तोच म्हणतो. दोन वर्ग एकत्र असलेल्या खोलीत तर हे वरदान आहे, तिसरी कोपऱ्यात ऐकत बसते तोवर चौथीला गणित देता येतं. एक गोष्ट कळकळीने सांगते, ही रेकॉर्डिंग पालकांच्या ग्रुपवर टाकू नका. अडखळत वाचणाऱ्या पोराचा आवाज सगळ्या वाड्याने ऐकायची काही गरज नाही. मी ज्याचं त्यालाच ऐकवते आणि डिलीट करते.

चित्राचे दोन उपयोग मात्र पैसे वसूल. पहिला गूगल अर्थ. शाळेचं कौलारू छप्पर शोधलं आणि म्हादईच्या काठाने खाली जात राहिलो, गांजे, उसगाव, मग तीच नदी मांडवी होते, दिवाडी, चोडण, पणजी आणि आग्वादला समुद्र. पाण्यात पांढरा ठिपका दिसला तर पोरं ओरडली फेरीबोट! मग उलटं वर वर जात कर्नाटकात खानापूर तालुक्यापर्यंत पोचलो. नकाशात निळी रेघ म्हणजे आपलीच नदी, हे त्या दिवशी पक्कं बसलं. दुसरा म्हणजे अळसांदे, आमच्याकडचं चवळीसारखं कडधान्य. तयार व्हिडिओत बी दोन मिनिटांत उगवतं आणि लहान मुलांना ते खरंच वाटतं. आम्ही करवंटीत माती घालून अळसांदे पेरले, मोबाईल त्याच जागी त्याच उंचीवर ठेवून सकाळी आणि शाळा सुटताना एकेक फोटो, आणि शेवटी सगळे फोटो भरभर पुढे सरकवले. मान वाकवून बाहेर येणारा कोंब आणि मग डाळिंब्या उघडून पानं, हे त्यांनी स्वतः वाट बघून मिळवलेलं होतं.

आता त्रास. पावसाळ्यात ढगांमुळे खोली काळोखी असते, पडदा छान दिसतो पण तेव्हाच वीज जाते. ऑक्टोबरनंतर वीज असते पण खिडकीतून एवढं ऊन येतं की रंग पुसट, जाड पडदे घ्यावेच लागले. छपरावर पाऊस सुरू झाला की लॅपटॉपचा आवाज कोणालाच ऐकू येत नाही, म्हणून वेगळा स्पीकर पाहिजेच. आपल्याकडच्या दमटपणात लेन्सला बुरशी धरते, तेव्हा घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि सुट्टीत सुद्धा अधूनमधून मशीन थोडा वेळ चालू करा. पहिला प्रोजेक्टर भर जुलैत बंद पडला आणि दुकानदाराने वॉरंटीत ओलावा येत नाही म्हणून हात वर केले, याचा राग अजून आहे. शाळांना वस्तू मिळतात, दुरुस्तीला पैसे मिळत नाहीत, हे कुठेतरी बदलायलाच हवं.

घ्यायचंच असेल तर आधी चांगला स्पीकर घ्या, प्रोजेक्टर नंतर. आणि पेडणे, डिचोली, काणकोणकडच्या शिक्षकांनो, तुमच्या गावच्या आरत्या, फुगड्या, आजीच्या गोष्टी रेकॉर्ड झाल्या असतील तर पाठवा, मी शब्द टाइप करून परत देते. दोन मिनिटांच्या आत पाहिजे, आणि रेकॉर्ड करताना तेवढा पंखा बंद ठेवा.