जीमेल आणि गूगल कॅलेंडर: कर सल्लागाराच्या टेबलावरून

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या व्यापाऱ्यांची विवरणपत्रं भरणाऱ्या छोट्या ऑफिसला ही फुकटातली जोडी पुरते. मासिक जीएसटीआर-1 (जीएसटीचं विक्रीचं विवरणपत्र) ची 11 तारीख, जीएसटीआर-3बी (कर भरण्याचं गोषवारा विवरणपत्र) ची 20. दोन्ही कॅलेंडरमध्ये दरमहा रिपीटवर लावा, पण नोटिफिकेशन बदलून 3 दिवस आधीचं ठेवा. ऐन वेळी फोन वाजला तर बिलं गोळा कोण करणार?

मेल उघडून तीन टिंबांतून तो टास्कमध्ये (गूगलची कामांची यादी) टाकला की मूळ मेलची लिंक कामासोबत राहते. सगळ्यात उपयोगी सोय हीच. तिथूनच इव्हेंट करताना मात्र जपून: मेलमधले सगळे पाहुण्यांच्या यादीत येतात, सेव्ह करताना आमंत्रण पाठवलं की व्यापाऱ्यालाही पोचतं. आधी नावं काढा.

सहकाऱ्याला काम सोपवायला टास्क लंगडं. त्यासाठी वेगळं कॅलेंडर करून बदल करण्याच्या परवानगीसह शेअर केलेलं बरं.