27,000 रुपयांची माउंटन बाइक आणि झेंडूच्या हाराखालचे ब्रेक

दुकानात दाखवली एक सायकल आणि हातात दिली दुसरी. रंग तोच, फ्रेम तीच, स्टिकर तेच. आतला माल तेवढा बदललेला. पुण्यात पंचवीस-तीस हजारांची माउंटन बाइक घ्यायला निघालेल्या आई-बापांनी हे वाचावं म्हणून लिहितोय. लाज वाटते, तरी लिहितोय.

मुलगी अकरावीत होती. मैत्रिणींबरोबर रविवारी वेताळ टेकडीवर जायचं म्हणून सायकल हवी होती. 27,000 मधले 6,000 तिचे स्वतःचे, दोन वर्षं साठवलेले. माझे पैसे गेले असते तर मी एवढा जळलो नसतो.

आणि मी काही न बघता गेलो नव्हतो, हे आधी सांगतो. शिमानो कंपनीच्या गिअरच्या संचांत टूर्नी सगळ्यात खालचा, त्यावर अल्टस, मग एसेरा, अलिव्हिओ, डिओर ही उतरंड मला पाठ होती. दुकानात लावलेल्या सायकलीला मागे अल्टसचा डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा भाग) होता, पुढे तीन मागे आठ गिअर, साडेसत्तावीस इंची चाकं, हायड्रॉलिक म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे डिस्क ब्रेक. एका बोटाने ब्रेकचा लिव्हर दाबला की चाक जागीच थांबत होतं. लॉकआउटची फिरकी फिरवली की पुढच्या चाकाचा दबणारा फोर्क कडक होत होता. हे सगळं मी स्वतः करून पाहिलं. पण पाहिलं ते त्या लावलेल्या सायकलीवर. ‘हा डिस्प्ले पीस आहे साहेब, तुम्हाला खोक्यातली नवी जोडून देतो,’ असं दुकानदार म्हणाला आणि मला ते बरंच वाटलं. जी सायकल तपासली तीच घ्या. ओरखडा असला तरी तीच घ्या.

बिलासकट 29,900, बिलाशिवाय 27,000. ‘बारा टक्के जीएसटी सरकारला कशाला देता?’ तेव्हा सायकलवर 12 टक्के होता; सप्टेंबर 2025 पासून तो 5 टक्के झालाय, त्यामुळे आज कोणी हेच सांगत असेल तर त्याला तिथेच हात जोडा. 2,900 रुपये वाचत होते. नोकरदार माणसाला ते थोडे नसतात आणि बिलाशिवाय वस्तू घेणारा गावात मी एकटा नाही. 8 ऑक्टोबर 2024 ला 5,000 यूपीआयने दिले. पैसे दुकानाच्या नावाने गेले नाहीत, कुठल्याशा बाईंच्या खात्यात गेले. ‘घरचंच खातं आहे,’ म्हणाला. उरलेले 22,000 दसऱ्याला रोख.

दसरा, 12 ऑक्टोबर. दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आमची सायकल तयार होती आणि हँडलला झेंडूचा हा भलामोठा हार बांधलेला होता. मुलीने कुंकू लावलं, आईने नारळ आणला होता. मी सवयीने लिव्हर दाबला. जड लागला. हार जरा बाजूला सारला तर लिव्हरच्या तोंडाशी तार ताणायची बारीक फिरकी दिसली. ती फिरकी म्हणजे तारेचे ब्रेक. हायड्रॉलिकच्या लिव्हरला तेलाची टाकी असते, जाड नळी असते. मला हे माहीत होतं! मी तोंड उघडून विचारलंसुद्धा. ‘नवीन आहे, चार दिवसांत मोकळा होईल,’ एवढं बोलून तो पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला. मुलगी हसत होती, मागे लोक खोळंबले होते, आई म्हणाली, ‘चल रे, मुहूर्त टळतोय.’ मी हार होता तसा सरकवला आणि 22,000 मोजून दिले. ते दहा सेकंद मी रोज आठवतो. सणाच्या दिवशी डिलिव्हरी घेऊ नका. घेतलीच तर हार आपल्या हाताने, सगळं तपासून झाल्यावर बांधा.

घरी आल्यावर ब्रेक तारेचेच निघाले. फोन केला तर ‘हायड्रॉलिक असं मी बोललोच नव्हतो.’ तरी मी समजूत करून घेतली, की गिअर तरी चांगले आहेत.

17 नोव्हेंबरला टेकडीवरून उतरताना मागचं चाक डगमगायला लागलं आणि फ्रेमला घासायला लागलं. पोरगी पडली नाही, हे नशीब. आमच्या कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने चाक उतरवलं तर एक्सल, म्हणजे चाकाच्या मधला दांडा, वाकलेला. त्याने दाखवलं की मागे कॅसेट (फ्रीहबवर सरकवून बसवतात तो गिअरचा संच) नव्हतीच, हबवर म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर आटे फिरवून बसवलेलं आठ गिअरचं फ्रीव्हील होतं. फ्रीहबमध्ये गिअरच्या बाजूचं बेअरिंग पार टोकाजवळ असतं. फ्रीव्हीलमध्ये ते आत राहतं आणि एक्सलचा बराचसा भाग आधाराविना लोंबतो. जितके गिअर जास्त तितका तो लांब. दगडधोंड्यात तो वाकणारच. कॅसेटमध्येही गिअर आठ आणि इथेही आठ, मोजून काय कळणार होतं? अल्टसचा डिरेलर मात्र खरा होता. गिऱ्हाईक तेवढंच नाव वाचतं, हे दुकानदाराला पक्कं माहीत होतं. लॉकआउटची फिरकी फिरत होती, पण फोर्कला त्याचा पत्ताच नव्हता.

ओळखायचं कसं, ते त्या मिस्त्रीने शिकवलं. चाक धरून ठेवा आणि पेडल उलटं फिरवा. गिअरच्या मधोमध पाना बसवायच्या खाचा असतात. त्या दात्यांबरोबर फिरल्या तर कॅसेट, जागेवर राहिल्या तर फ्रीव्हील. पाच सेकंदांचं काम आहे.

फ्रीहबचं मागचं चाक आणि कॅसेट 4,850, हायड्रॉलिक ब्रेकची जोडी 5,600, मजुरी 600. एकूण 11,050 रुपये वरचे गेले. फोर्क अजून तोच आहे.

दुकानदार म्हणाला, ‘टेकडीवर नेली, वॉरंटी संपली.’ माउंटन बाइक टेकडीवर नाही न्यायची तर कुठे न्यायची?

पोलीस चौकीत तीन हेलपाटे. पहिल्यांदा साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्यांदा ‘ही दिवाणी बाब आहे, ग्राहकवाल्यांकडे जा.’ मी म्हटलं, दाखवलं एक आणि दिलं दुसरं, ही फसवणूक आहे, पूर्वीचं 420, आता न्याय संहितेचं 318. त्यावर उत्तर मिळालं, ‘कलमं आम्हाला शिकवू नका. बिल कुठाय? टॅक्स तुम्हीच बुडवलाय, आधी तुमच्यावर कारवाई होईल.’ आजूबाजूच्या लोकांसमोर! फसवणारा दुकानात बसून सायकली विकतोय आणि गुन्हेगारासारखा उभा मी. साधा तक्रार अर्ज घेऊन पोच द्यायला काय लागतं? तिसऱ्यांदा पोच मिळाली, तीही दोन तास बसवून. ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला तर तक्रारीचा नंबर मिळाला आणि बारा दिवसांनी ‘तक्रार निकाली’ असा मेसेज आला. काय निकाली काढलं? मला कोणी फोनही केला नव्हता. पुन्हा लावला तर परत पहिल्यापासून सगळं सांगा, आणि परत बिल नंबर विचारला.

बिल नसलं म्हणजे सगळं संपलं, असं मानून घरी बसू नका. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही. मी जून 2025 मध्ये तक्रार दाखल केली. माझ्याकडे यूपीआयची नोंद आहे, डिस्प्लेवरच्या सायकलीचा दुकानदारानेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला फोटो आहे, त्यात ब्रेकची जाड नळी स्पष्ट दिसते. फ्रेमच्या खाली, पेडलच्या सांध्यापाशी कोरलेल्या नंबरचा फोटो मी काढला नव्हता. तुम्ही पैसे देण्याआधी काढा.

आणि मिस्त्री जुने भाग भंगारात टाकायला निघाला तर टाकू देऊ नका. तो वाकलेला एक्सल, फ्रीव्हील आणि तारेचे दोन्ही ब्रेक मी वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवलेत. पुढच्या तारखेला घेऊन जाणार आहे.