पांचमुड्याचे मातीचे घोडे: एक पावसाळा काढल्यानंतर

पश्चिम बंगालमधल्या बांकुडा जिल्ह्यात पांचमुडा नावाचं कुंभारांचं गाव आहे. तिथल्या घोड्यांची जोडी, एक तांबडा आणि एक काळा, गेल्या हिवाळ्यापासून आमच्या ठाण्याच्या घरात आहे. केंद्रीय कुटीर उद्योग एम्पोरियमच्या बोधचिन्हावर दिसतो तोच हा उंच मानेचा घोडा. घ्यावा का, असं बरेच जण विचारतात. जरूर घ्या, पण हाताने घडवलेलाच घ्या.

ओळखायला सोपं आहे. पाय, धड, मान, तोंड असे भाग चाकावर पोकळ काढून ओले असतानाच एकमेकांना जोडतात. अंगावरच्या भोकातून मोबाइलचा उजेड टाकला की आत सांध्यावर माती चेपल्याच्या बोटांच्या खुणा दिसतात. मला बाहेरच्या नक्षीपेक्षा त्याच जास्त आवडतात. ती भोकंही खोट नव्हे, माती सगळीकडून सारखी वाळावी म्हणून ठेवलेली असतात.

कान आणि शेपूट सुटी येतात, खोबणीत बसवायची. कुरिअरवाल्याने खोकं आपटलं आणि एका कानाचं टोक उडालं, पण विक्रेत्याने तेवढा कान दुसरा पाठवला. तो जोडीदारापेक्षा जरासा रुंद आहे, आणि मला तो तसाच हवा आहे.

काळ्या घोड्याला रंग दिलेला नसतो. भट्टीची तोंडं लिंपून धूर आत कोंडला की माती काळी होते, धूर जाऊ दिला की तांबडी. त्यामुळे पुसून काही निघत नाही. मात्र पावसाळ्यात काळ्याच्या पायांवर पांढरा क्षार फुटला. तो कोरड्या मऊ ब्रशने झाडायचा; ओलं फडकं फिरवलं की परत आत मुरतो. तांबड्यावरही आला असेल, पण नजरेत भरला नाही. वॉर्निश अजिबात नको, मातीचा पोतच जातो.

भाव करताना एवढं लक्षात असू द्या, की तिकडे धर्मठाकूर हा ग्रामदेव आणि मनसा ही सापांची देवी, यांच्या थानावर नवसाला असे घोडे वाहतात. शोभेच्या वस्तू ते नंतर झाले. या कामाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे.

आता मनसाचाली घ्यायची आहे, मधे देवी आणि भोवती छोट्या मूर्तींच्या ओळी. ती मात्र कुरिअरने मागवणार नाही, विष्णुपूरला जाऊ तेव्हा पांचमुड्यातूनच हातात धरून आणू.